मालक मीच

तळोज्यातल्या एका इमारतीत लिफ्टशेजारी सूचनाफलक आहे. एरवी त्यावर टाकी कधी धुणार, पाणी कधी बंद राहणार, गणपतीची वर्गणी किती, असल्या सूचना असतात. मध्यंतरी तिथे एक यादी लागली होती. वर ठळक अक्षरांत 'थकबाकीदार सभासद', खाली विंग, सदनिका क्रमांक, नाव, किती महिने, किती रुपये. काही नावांखाली कुणीतरी लाल पेनाने रेघ ओढलेली. अशी यादी कुणी समोर उभे राहून वाचत नाही. लिफ्टची वाट पाहत असल्यासारखे करायचे आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून आपला नंबर शोधायचा. लिफ्ट आली तरी दोघेजण आत शिरले नाहीत, त्यावरून काय ते समजावे.

त्यांतल्या एक बाई बेलापूरच्या एका कार्यालयात साफसफाईचे काम करतात. नवरा टेम्पोवर. सिडकोच्या २०१८ च्या सोडतीत त्यांना हे घर 'लागले'. आपल्याकडे घर घेतले असे म्हणायची ऐपत नसलेल्यांना ते लागते. लॉटरी लागते, नोकरी लागते, तसेच. "भाड्याच्या खोलीत होते ना, तेव्हा एक बरं होतं," त्या म्हणाल्या. "घणसोली गावात काकूंची खोली होती. एखाद्या महिन्याला नाही जमलं तर काकूंना सांगायचं, पगार लांबलाय, थोडं थांबा. त्या बडबडायच्या, पण थांबायच्या. आता कुणाला सांगू? मालक मीच."

या दोन शब्दांत नवी मुंबईच्या गरिबांच्या घरांचे सगळे दुखणे आले. जगात कित्येक ठिकाणी सरकारी किंवा नगरपालिकेच्या घरात गरीब माणूस भाडेकरू म्हणून राहतो. भाडे थकले की त्याचे काय करायचे, यावर तिथे कायदे होतात, वाद झडतात, मदतीच्या योजना निघतात. आपल्याकडे तो प्रश्नच उद्भवत नाही, कारण आपण गरिबाला भाडेकरू ठेवलेच नाही. त्याला थेट मालक करून टाकले. भाडे मात्र गेले नाही. ते बँकेचा हप्ता झाले, मेंटेनन्स झाले, विलंब शुल्क झाले. (हप्ता या शब्दाला मराठीत आणखी एक अर्थ आहे. दोन्हीकडे न देणाराच घाबरून असतो, एवढे साम्य पुरे.) नाव बदलल्यामुळे झाले ते इतकेच, की भाडे थकलेल्या माणसाची दया येते आणि हप्ता थकलेला माणूस बेजबाबदार ठरतो.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. ९५ गावांचा ३४४ चौरस किलोमीटरचा परिसर तिच्या हाती आला. मुंबईतून कामगार येणार, बाजार येणार, कचेऱ्या येणार, तेव्हा कमी मिळकतीच्या माणसालाही या शहरात जागा हवी, ही गोष्ट नव्या शहराचे आराखडे करणाऱ्यांनी गंभीरपणे घेतली होती. त्यांतल्याच चार्ल्स कोरिया यांच्या लेखनात ती ठायीठायी दिसते. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीकडे माथाडींची बैठी घरे उभी राहिली. ती चिमुकली होती, पण ऐपतीत होती. पुढे त्यांच्यावर मजले चढले आणि एकेका घरात तीन-तीन बिऱ्हाडे मावली. नंतर मात्र सिडकोचे घर म्हणजे अर्ज, अनामत, सोडत, बँकेचे मंजुरीपत्र आणि चौदा-पंधरा मजल्यांवरची सदनिका, असे समीकरण झाले.

२०१८ ची सोडत त्या वेळी मोठी मानली गेली. तळोजे, खारघर, कळंबोली, घणसोली आणि द्रोणागिरीत मिळून १४,८३८ घरे. त्यातली ५,२६२ आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी, बाकीची अल्प उत्पन्न गटासाठी. २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीला, सोडत निघाली. दुर्बल घटकाचे घर साधारण १८ लाखांचे, त्यात प्रधानमंत्री आवास योजनेचे अडीच लाख अनुदान. पुढे टाळेबंदी आली. ज्यांचे हप्ते चालू होते त्यांची कामे बंद पडली आणि २०२० मध्ये मिळायचा ताबा लांबला. रिझर्व्ह बँकेने त्या वर्षी सहा महिने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, पण व्याज चालूच राहिले. म्हणजे घड्याळ थांबले आणि मीटर पळत राहिला. त्या काळात कित्येक घरांत दोन्ही खर्च एकदम होते: ज्या खोलीत राहतो तिचे भाडे, आणि ज्या घरात अजून राहायला गेलो नाही त्याचा हप्ता.

आता अलीकडचे पाहू. 'माझे पसंतीचे सिडकोचे घर' या योजनेत जानेवारी २०२५ मध्ये किमती जाहीर झाल्या. दुर्बल घटकासाठी सगळ्यांत स्वस्त घर तळोजे सेक्टर २८ मधले, २५ लाख १० हजारांचे होते. त्याच गटासाठी खारघर बस डेपोजवळचे घर ४८ लाख ३० हजारांचे. या गटाची उत्पन्नमर्यादा वर्षाला ६ लाख, म्हणजे महिना ५० हजार. कागद-पेन्सिल घेऊन बसू. स्वस्तातल्या घराचा पाचवा हिस्सा, पाच लाख, माणसाने स्वतः उभा केला असे धरू. मंगळसूत्र, भिशी, गावची जमीन, मेहुणा, काय असेल ते. राहिले २० लाख. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी महिन्याचा हप्ता येतो सुमारे १७,३५० रुपये. मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसा घरावर जाऊ नये, असा एक साधा ठोकताळा सगळीकडे धरतात. पन्नास हजारांचा तिसरा हिस्सा होतो १६,६६७. याचा अर्थ असा, की या गटात बसणाऱ्या सगळ्यांत श्रीमंत 'दुर्बला'लासुद्धा सगळ्यांत स्वस्त घर जाहीर किमतीला त्या ठोकताळ्यात बसत नव्हते. आणि हे मेंटेनन्स न धरता. महिना पंचवीस हजारांत घर चालवणाऱ्याचे गणित मांडायचीही गरज नाही.

किमतींवर ओरड झाली आणि ती रास्त होती. उलव्याच्या बामणडोंगरीतल्या घरांची किंमतही अशाच ओरडीनंतर सहा लाखांनी उतरवावी लागली होती. पण किमतीची ओरड करणारा गट संघटित असतो, त्याच्या हातात सोडतीचे पत्र असते. एकेकट्याने घरात बसून सातव्या महिन्याचा हप्ता चुकवणाऱ्याचा मोर्चा निघत नाही. त्याचे नाव फलकावर निघते.

बरे, गरिबाला भाड्याने घर द्यायचे आपण कधी ठरवलेच नाही, असेही नाही. दोनदा ठरवले. पहिल्यांदा ठरवले जॉर्ज लॉईड मुंबईचे गव्हर्नर असताना. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे आपल्या तोंडच्या बीडीडीने, विसाच्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला २०७ चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची. पैसा उभा करायला कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला होता. तरीही त्या खोल्यांचे भाडे गिरणीत राबणाऱ्याला झेपेना, आणि कितीतरी खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या पडल्या. इतक्या रिकाम्या, की १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग करता आला. ज्याला भाडे देता येत नव्हते त्याला फुकटात आत ठेवले. पुढे भाडी ऐपतीत आली तेव्हा त्याच चाळींतून एक अख्खी संस्कृती उभी राहिली, आणि आज तिथे पाचशे चौरस फुटांची घरे मोफत मिळत आहेत. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या १४ ऑगस्ट २०२५ ला दिल्या गेल्या. सरकारी भाड्याच्या खोलीने शंभर वर्षे माणूस शहरात टिकवून धरला.

दुसऱ्यांदा ठरवले २००८ मध्ये. एमएमआरडीएची भाडेतत्त्वावरील घरांची योजना. पाच वर्षांत पाच लाख घरे, भाडे आठशे ते दीड हजार रुपये, विकासकाला चार एफएसआय. आणि खोली? पुन्हा १६० चौरस फूट. ऐंशी-नव्वद वर्षांत गरिबाचा आकार एका इंचानेही वाढला नव्हता. पण आकारावर हसण्याआधी एक मान्य करू, की भाडे मिळकतीकडे पाहून ठरवलेले होते. पनवेलजवळ कोन गावात यातल्या इमारती प्रत्यक्ष उभ्या राहिल्या. नवी मुंबईच्या उंबरठ्यावरची ती भाड्याची वसाहत ठरायची. ती तशी झाली नाही. भाड्याची घरे सांभाळणार कोण, वसुली करणार कोण, भाडेकरू उठला नाही तर काय, या धास्तीने योजनाच बदलली. कोनच्या सुमारे २,४०० घरांची २०१६ मध्ये गिरणी कामगारांसाठी सोडत निघाली, किंमत ६ लाख. करोनाकाळात त्या इमारती विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या, मग दुरुस्ती निघाली, किल्ल्या मिळेस्तोवर काही अर्जदारांच्या जागी त्यांचे वारसच रांगेत होते. ज्यांना मिळाल्या, त्यांची पुढची तक्रार काय असावी? देखभालीचा खर्च परवडत नाही.

म्हणजे वसुलीच्या धास्तीने भाडे टाळले, आणि वसुली दारात तशीच उभी राहिली. फक्त आता ती करायला सरकार नाही. सोसायटीचा सचिव आहे.

या सचिवाची बाजूही ऐकली पाहिजे. तोही त्याच इमारतीत राहतो, तोही हप्ता भरतो. लिफ्टचे वीजबिल, पंप, रखवालदार, पाणी कमी आले तर टँकर, हे खर्च कुणाच्या घरात आजारपण आहे म्हणून थांबत नाहीत. चाळीत जिना असतो. जिन्याला वीजबिल येत नाही. उंच इमारत ही मुळातच दरमहा खाणारी वस्तू आहे आणि ती आपण दरमहा कमी कमावणाऱ्यांना दिली. पन्नास जणांनी पैसे दिले नाहीत तर उरलेल्यांच्या डोक्यावर ते बसतात. तेव्हा फलकावर यादी लावणारा दुष्ट असतो असे नव्हे. त्याच्याकडे फलकाशिवाय काहीच नसते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावायची मुभा दिली. घराच्या कर्जाच्या अडीचपट दर, आणि तोही ज्याला मुद्दलच देता येत नाही त्याला.

बँकेची रीत तर आखीवच. हप्ता नव्वद दिवस थकला की कर्ज अनुत्पादक, मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस. इथे मला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातले नव्वद दिवस आठवतात. १९९९ च्या त्या कायद्याच्या १५ व्या कलमात भाडे थकवणाऱ्याला आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि नव्वद दिवस थांबावे लागते. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत त्याने थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह आणि खर्चासह भरली, तर त्याला बाहेर काढता येत नाही. दोन्हीकडे नव्वदच दिवस. एकीकडे सावरायला दिलेले, दुसरीकडे बुडाला असे ठरवायला. जुन्या भाडेकरूला कायद्याने श्वास घ्यायला जागा ठेवली होती. नव्या मालकाला ती नाही. आणि आजचा बहुतेक भाडेकरू तर लीव्ह अँड लायसन्सवाला. अकरा महिने झाले की घर सोडायचे, न सोडल्यास २४ व्या कलमाप्रमाणे दुप्पट भाड्याचा दणका.

मग आपल्याकडे मदत मिळतच नाही का? मिळते. तिला माफी म्हणतात. म्हाडाच्या मुंबईतल्या ५६ वसाहतींचे वाढीव सेवाशुल्क १९९८ पासून तुंबले होते. ते २०२२ मध्ये राज्य सरकारने माफ केले. लोकांचा जीव भांड्यात पडला, हारतुरे झाले. पण ज्याने उसनवारी करून दर महिन्याला इमानाने भरले त्याला काय वाटले असेल, ते कुणी विचारले नाही. अभय योजनेचा हाच घोळ आहे. ती निवडणुकीच्या हवेत येते, सरसकट येते, आणि ज्याचे बुडणे दहा वर्षांपूर्वी सुरू झाले त्याला आज दोरी टाकते. मधल्या काळात ज्याचे घर गेले, तो अर्ज करायला उरलेला नसतो.

इंग्लंडमध्ये नगरपालिकेला किंवा गृहनिर्माण संस्थेला भाडे थकल्यावर थेट न्यायालयात जाता येत नाही. आधी भाडेकरूशी बोलायचे, त्याची मिळकत पाहून झेपेल असा हप्ता ठरवायचा, कुठला सरकारी भत्ता त्याला लागू होतो ते पाहून अर्जाला मदत करायची, आणि हे सगळे केल्याचे न्यायाधीशाला दाखवायचे. तिथेही घरे कमी आहेत, रांगा लांब आहेत, गोरगरीब रस्त्यावर येतात. विलायतेत सगळे आलबेल आहे असे सांगायचा हेतू नाही. पण थकबाकीदाराशी पहिले बोलणे मदतीचे असावे, हा नियम लिहून ठेवलेला आहे. सिंगापूर तर आपल्यासारखेच घरमालकीचे वेड असलेले. तरीही तिथल्या गृहनिर्माण मंडळाने सगळ्यांत खालच्या थरासाठी भाड्याच्या खोल्या ठेवल्या. महिना आठशे डॉलरच्या आत मिळकत असलेल्याला एका खोलीचे भाडे २६ डॉलरपासून सुरू होते. मालकीचा जप करतानाही ज्याला मालक होणे झेपणार नाही त्याची सोय त्यांनी बाजूला काढून ठेवली.

सिडकोला अशी सोय करणे अवघड नाही. आज भूखंडांच्या निविदांतून तिच्या तिजोरीत येणारा पैसा लहान नाही, आणि ती जमीन ९५ गावांतल्या लोकांकडून आली आहे. त्यातला अगदी बारीक हिस्सा तिच्याच दुर्बल घटकांच्या घरांसाठी आणीबाणीचा निधी म्हणून ठेवावा; नोकरी सुटली, घरात मृत्यू झाला, अपघात झाला, तर तीन-चार महिन्यांचे मेंटेनन्स त्यातून थेट सोसायटीला जावे. माणसाच्या हातात रोकड द्यायचीही गरज नाही. बँकेच्या हप्त्यासाठी मुदत वाढवून घ्यायला मदत करणारी एक खिडकी बेलापूरला आणि एक तळोज्यात. तिथे बसणाऱ्याला अर्जाचा नमुना पाठ असावा आणि दुपारी तीननंतरही तो जागेवर असावा. सोडतीला अर्ज भरताना जेवढी मदत केंद्रे, जाहिराती, हेल्पलाइन असतात, तेवढी उत्साहाची मदत ताबा दिल्यानंतर का आटते, हे मला कधी उमगले नाही. घर विकले की विक्रेत्याचा संबंध संपतो, असे बिल्डरने म्हणावे. सरकारी महामंडळाने म्हणू नये.

आणि काही घरे भाड्यानेच ठेवावीत. न विकल्या गेलेल्या घरांसाठी पुन्हा पुन्हा सोडत काढण्यापेक्षा ती मिळकतीच्या प्रमाणात भाड्याने द्यावीत. केंद्राने २०२० मध्ये, टाळेबंदीत पायी निघालेले मजूर पाहिल्यावर, भाड्याच्या परवडणाऱ्या संकुलांची योजना आणलीच होती. चंदीगड आणि सुरतेने पडून असलेली सरकारी घरे तशी वापरात आणली. राज्याच्या मे २०२५ च्या 'माझे घर, माझा अधिकार' या धोरणातही नोकरदार महिला, विद्यार्थी, औद्योगिक कामगार यांच्यासाठी भाड्याच्या घरांचा उल्लेख आहे. तळोज्याला एमआयडीसी आहे, कामगार आहेत, इमारती आहेत. नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रोही धावते आहे. उल्लेखातून घर व्हायला अजून काय हवे, ते धोरण लिहिणाऱ्यांनी सांगावे.

आक्षेप ठरलेला आहे: अशाने लोक फुकटे होतील, मुद्दाम थकवतील. काही थकवतीलही. पण घणसोलीच्या त्या काकूंना कोण खरेच अडचणीत आहे आणि कोण टाळतोय, हे महिन्याभरात कळत होते. त्यांच्याकडे ना सिबिलचा आकडा होता, ना वसुली एजंट. त्या स्वतः प्रकल्पग्रस्त. घरची शेती या शहराखाली गेली, उरल्या गावठाणाच्या जागेवर चार खोल्या चढवल्या आणि त्या सरकारच्या लेखी कालपरवापर्यंत बेकायदा. नवी मुंबईत गरिबाला भाड्याचे घर देण्याचे काम गेली पन्नास वर्षे कुणी केले असेल, तर या बेकायदा खोल्यांनी.

लिफ्टजवळच्या बाईंचे पुढे काय झाले, ते नंतर कळले. त्यांनी तळोज्याचे घर एका जोडप्याला भाड्याने दिले आणि बिऱ्हाड घेऊन घणसोलीला परत गेल्या, काकूंच्याच खोलीत. तळोज्याचे भाडे बँकेत जाते, वरचे कमी पडणारे पैसे त्या घालतात. फलकावरचे नाव अजून निघालेले नाही, थोडी बाकी आहे. महिन्याच्या पाच तारखेला त्या मेट्रोने जातात, भाडे घेतात आणि संध्याकाळी घणसोलीला येऊन काकूंचे भाडे देतात. मागच्या महिन्यात तळोज्याच्या जोडप्यातला मुलगा म्हणाला, पगार लांबलाय, ताई, थोडं थांबा. त्या थांबल्या.